मालवणात एक दिवस खाण्यासाठी: पहिल्यांदा येणाऱ्यांना वाटाड्या

मालवणला पहिल्यांदा येणाऱ्यांचा दिवस बहुतेक वेळा तारकर्लीची वाळू, स्कूबा आणि सिंधुदुर्ग किल्ला यांत संपतो. जेवण म्हणजे या सगळ्याच्या मधे, मिळेल त्या टेबलावर उरकलेली एक सुरमई थाळी. ती वाईट असते असं नाही. पण मालवणचं जेवण म्हणतात ते तेवढंच आहे असं समजून कोणी परत गेलं, की मला मनापासून वाईट वाटतं. म्हणून दिवस उलट्या बाजूनं आखायचा एक मार्ग सांगतो: खाणं आधी ठरवायचं आणि किल्ला, किनारा, बाजार त्याच्या आजूबाजूला बसवायचे.

एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करून घ्या. इथलं जेवण बंदरावर ठरतं, हॉटेलात फक्त शिजतं. मेन्यू कार्डावर बारा महिने पंधरा-वीस मासे छापलेले असतात, पण समुद्र एका दिवशी त्यातले चार-पाचच चांगले देतो. ते कोणते, हे कळलं की निम्मं काम झालं. त्यामुळे दिवसभर, जिथे जाल तिथे, पहिला प्रश्न एकच विचारायचा: ‘आज काय आलंय?’

तारीख ठरवताना

राज्याच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. हा माशांच्या विणीचा काळ. या दिवसांत ताटात येणारा मासा बहुतेक वेळा बर्फातला, बाहेरून आलेला किंवा खाडीतला असतो. ताज्या समुद्री माशासाठी यायचं तर पाऊस ओसरल्यावर या. सप्टेंबर-ऑक्टोबरपासून बांगडे, तारल्या, पेडवे भरपूर लागतात आणि ते परवडतातही. फेब्रुवारी-मार्चमध्ये ओल्या काजूंची उसळ मिळते. एप्रिल-मे म्हणजे हापूस, फणस, रतांबे (कोकमाची फळं) आणि घरोघरी मसाल्याची धांदल. गर्दी आणि उकाडा सोसायची तयारी असेल तर खाणाऱ्याला मे महिन्यासारखा महिना नाही.

पावसाळा टाळावा असं मात्र मी म्हणणार नाही. टाकळा, भारंगी, अळू, आणि मोठ्या तवशाचं (काकडीचं) गोड धोंडस हे सगळं पावसातलंच. फक्त तेव्हा मासे हा हट्ट सोडून यायचं.

वारही बघा. सोमवार शंकराचा, त्यामुळे इथल्या बऱ्याच घरांत त्या दिवशी मासे शिजत नाहीत. संकष्टी, श्रावण आणि गणपतीचे दिवस यांचंही तसंच. हॉटेलं चालू असतात, पण घरगुती खानावळीत जेवायचं असेल तर हे वार लक्षात ठेवलेले बरे. तिसरे किंवा कालवं खायची इच्छा असेल तर अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासचे दिवस धरा. तेव्हा सुकतीला (ओहोटीला) पाणी लांबवर मागे जातं, खडपं आणि खाडीतली वाळू उघडी पडते, आणि बायका शिंपले काढायला उतरतात.

पोहोचायला कोकण रेल्वेचं कुडाळ स्टेशन सोयीचं, तिथून मालवण साधारण ३० किलोमीटर. कणकवलीहून आणि सिंधुदुर्गनगरीहूनही एसटी आहेत. आदल्या संध्याकाळी पोहोचा. सकाळी साडेदहाला उतरून ‘एक दिवस’ सुरू केलात तर त्यातला सर्वात चांगला भाग हुकलेला असेल.

आदल्या रात्री सांगायच्या गोष्टी

पाहुणे येऊन थेट मागणी करतात आणि यजमान नाइलाजानं ‘आज नाही जमणार’ म्हणतात, हे इथे फार होतं. त्यामागं कारण असतं. आंबोळीचं पीठ रात्रभर आंबावं लागतं. काळे वाटाणे आदल्या दिवशी भिजत पडले नाहीत तर ते दुसऱ्या दिवशी चुलीवर कितीही वेळ ठेवा, दगडच राहतात. वड्यांचं पीठ मळून काही तास मुरायला लागतं. गावठी कोंबडी तर आधी मिळवावी लागते आणि मग मंद आचेवर निवांत शिजवावी लागते.

तेव्हा घरगुती निवासात उतरला असाल तर सामान ठेवल्या ठेवल्या काकींना तीन गोष्टी सांगा: सकाळी घावणे किंवा आंबोळी हवी, उद्या रात्री वडे आणि सागोती (कोंबडीचा रस्सा) हवी, आणि सकाळी बंदरावरून मासे आणले तर त्या शिजवून देतील का. शेवटचं आधी विचारणं महत्त्वाचं. बरेच जण आनंदानं देतात आणि त्याचे पैसे वेगळे घेतात. काहींच्या स्वयंपाकघराला ते झेपत नाही, आणि त्यांचा नकार मोकळ्या मनानं घ्यावा.

हॉटेलात उतरला असाल तर गावातल्या एखाद्या घरगुती खानावळीत आदल्या रात्रीच फोन करून ठेवा. जिथे ‘किती माणसं, किती वाजता’ असं विचारून घेतात, तिथलं जेवण सहसा चांगलं असतं, कारण तिथे मोजून शिजतं.

सकाळ: दांडी आणि बंदर

उजाडताना दांडी किनाऱ्यावर जा. याच भागात मोरयाचा धोंडा आहे. सिंधुदुर्गाच्या पायाभरणीच्या वेळी शिवाजी महाराजांनी जिथे पूजा केली असं सांगतात, तो हा खडक. गणपती, चंद्र, सूर्य त्यावर कोरलेले आहेत. त्याचं दर्शन घेऊन किनाऱ्यानं बंदराच्या दिशेनं चालत राहा.

नशीब असेल तर रापण ओढताना दिसेल. जाळ्याचं एक टोक किनाऱ्यावर धरतात, होडी उरलेलं जाळं समुद्रात अर्धगोल टाकत जाते आणि दुसरं टोक लांबवर परत किनाऱ्याला आणते. मग दोन्ही बाजूंनी माणसं ओढायला लागतात. एका रापणीवर कितीतरी घरं अवलंबून असतात आणि आलेल्या मासळीचे वाटे होतात. ओढायला हात लावायचा असेल तर आधी विचारा. बहुतेक वेळा लावू देतात. मासे बाहेर येताना मात्र मधे मधे करू नका आणि जाळ्यावर पाय देऊ नका.

इथले गाबीत मच्छीमार पिढ्यान् पिढ्या या पद्धतीनं मासे धरत आले आहेत. पर्ससीनची प्रचंड जाळी आणि एलईडी दिवे लावून केलेली मासेमारी यांमुळे आपल्या वाट्याला मासळी उरत नाही, हे ते वर्षानुवर्षं सांगताहेत, त्यासाठी रस्त्यावरही उतरले आहेत. किनाऱ्यावरून घेतलेला रापणीचा बांगडा हा माझ्या लेखी मालवणात पैसे खर्च करायचा सर्वात चांगला मार्ग आहे.

लिलाव बघण्यासारखा असतो. टोपल्या आणि क्रेट ओतले जातात, बोली झटपट चढते, आणि नवख्याला काही कळायच्या आत माल उचललेला असतो. त्यात बोली लावायला जाऊ नका. तो घाऊक खरेदीदारांचा व्यवहार आहे. आपण बाजूला बसलेल्या बायकांकडून घ्यायचं, तिथे मासे वाट्यांनी मिळतात.

‘मावशी, आज काय ताजा आसा?’ एवढं मालवणी पुरतं. उत्तर येईल, ‘बांगडे घे, सकाळचे आसत.’ नुसतं ऐकू नका, हातात घेऊन बघा. तिलाही गिऱ्हाईक बघून घेणारं आवडतं. डोळा स्वच्छ आणि फुगीर हवा, आत गेलेला किंवा दुधाळ नको. कल्ला उचलून पाहा, तो लाल असला पाहिजे. तपकिरी झाला तर मासा शिळा. पोट फुटलेलं नसावं. बोटानं दाबल्यावर खळगा राहता कामा नये. वास समुद्राचा यावा. बर्फात ठेवलेला मासा वाईट असतो हा गैरसमज आहे. पकडल्या पकडल्या बर्फात गेलेला मासा उन्हात तीन तास पडलेल्या माशापेक्षा कधीही बरा. भाव थोडा करायला हरकत नाही, पण सकाळची भवानी असेल तर ताणू नये.

नावांचा गोंधळ होऊ नये म्हणून: सुरमईला इथे इसवण म्हणतात, पापलेटाला सरंगा, कोळंबीला सुंगटं, खेकड्यांना कुर्ल्या. मुडदुशे, सौंदाळे, लेपे, पेडवे ही नावं शहरातल्या हॉटेलांत क्वचितच दिसतात, पण इथल्या घरांत तीच जास्त शिजतात. सरंगा म्हणजेच पापलेट २०२३ मध्ये राज्याचा राज्यमासा म्हणून जाहीर झाला, तो त्याची संख्या घटते आहे म्हणूनच. तळहाताएवढी पिल्लं कोणी स्वस्तात देऊ केली तर घेऊ नका. ती अजून एकदाही व्यालेली नसतात.

मासे तिथेच साफ करून देणाऱ्या बायका असतात. तिखल्यासाठी, म्हणजे घट्टसर कालवणासाठी, की तळायला, हे आधी सांगा, तुकडे त्याप्रमाणे पडतात. मग पिशवी घेऊन तडक घर गाठा आणि ती काकींच्या हवाली करा.

न्याहारी

मालवणात येऊन कांदेपोहे खाऊ नका. ते घरीही मिळतात.

घावणे म्हणजे तांदळाच्या पातळ पिठाचे, न आंबवता, बिडाच्या तव्यावर घातलेले. तवा चांगला तापलेला असला की पीठ पडताच जाळी सुटते. चांगला घावणा कडेला कुरकुरीत आणि मधे लुसलुशीत असतो, दुमडला तरी मोडत नाही. सोबत ओल्या खोबऱ्याची चटणी असते, किंवा खोबरं आणि गुळाचं चून. आणि विचारा, नारळाचा रस मिळेल का. नारळाच्या दुधात गूळ आणि वेलची घालून केलेला हा रस घावण्यावर ओतून, तो मुरेपर्यंत क्षणभर थांबून खायचा.

आंबोळी जाड, तांदूळ आणि उडदाची, किंचित आंबूस. तिच्याबरोबर काळ्या वाटाण्यांची उसळ. या दोन्हींतलं एकच मिळणार असेल तर मी आंबोळी-उसळ निवडेन, कारण काळे वाटाणे हे इथल्या शाकाहारी जेवणाचं मटणच आहे आणि त्यांची पहिली ओळख सकाळी झालेली चांगली.

शिरवाळे मिळाले तर भाग्य समजा. तांदळाच्या उकडीच्या शेवया लाकडी साच्यातून दाबून काढतात, त्याला दोन माणसांचा जोर लागतो, म्हणून आता रोजच्या रोज कोणी करत नाही. चार-सहा जण असाल तर आदल्या दिवशी खास सांगून करवून घ्या. तेही नारळाच्या रसातच खातात. खापरोळी हा आणखी एक प्रकार, जाड आणि जाळीदार, गोड रसात बुडवलेला.

पोट मात्र पूर्ण भरू नका.

किल्ला, दुपारच्या आत

सिंधुदुर्ग बघितल्याशिवाय मालवण कळत नाही, आणि खाण्याचा दिवस असला तरी तो सोडू नये. मालवण धक्क्यावरून होड्या सुटतात, काही मिनिटांचा प्रवास. पावसाळ्यात ही वाहतूक बंद असते. सकाळी जा, कारण दुपारी तटावरून चालणं उन्हामुळे अवघड होतं.

कुरटे बेटावर २५ नोव्हेंबर १६६४ रोजी पायाभरणी झाली आणि १६६७ मध्ये किल्ला उभा राहिला. आत शिवराजेश्वराचं मंदिर आहे, चुन्यात उमटलेले महाराजांच्या हातापायाचे ठसे आहेत. पण खाण्यापिण्याच्या नजरेनं बघायच्या तर तीन विहिरी: दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव. चारी बाजूंनी खारं पाणी आणि मधे गोड्या पाण्याच्या विहिरी, यावर इथली शिबंदी तगली. आजही किल्ल्यात काही कुटुंबं राहतात.

बंदराचा आणि ताटाचा संबंध इथे उभं राहून नीट कळतो. मालवण हे जुनं व्यापारी बंदर. १८१२ मध्ये कोल्हापूरकरांकडून ते इंग्रजांकडे गेलं, त्याच्या आधी आणि नंतरही इथे माल उतरत राहिला. आज ज्या लाल रंगाशिवाय मालवणी कालवण डोळ्यांपुढे येत नाही, ती मिरची मुळात अमेरिकेतली. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ती पश्चिम किनाऱ्यावर आणली, काजूही त्यांनीच. त्याआधी तिखटपणाचं काम मिरी, आलं, पिंपळी यांच्याकडे होतं. माशाच्या कालवणात पडणारं तिरफळ मात्र इथल्याच रानातलं. दुपारी ताटात ते तोंडाला लागेल तेव्हा ही गोष्ट आठवा.

जेवणाआधी मसाला समजून घ्या

किल्ल्यावरून परतल्यावर बाजारातून एक फेरी मारा. खरेदी आता नको, फक्त वास घ्या.

मालवणी मसाल्यात मिरच्या आणि धणे हा मुख्य ऐवज. त्यात बडीशेप, मिरी, लवंग, दालचिनी, दगडफूल, मसाला वेलची, नागकेशर, शहाजिरं, जायपत्री, मोहरी, हळकुंड, हिंग असं कितीतरी पडतं, आणि प्रत्येक घराचं प्रमाण वेगळं. एप्रिल-मेमध्ये मिरच्या उन्हात वाळतात, जिन्नस वेगवेगळे भाजले जातात आणि मग कांडपाला जातात. वेगवेगळे भाजणं हे कळीचं आहे: दगडफुलाला लागणारी आच मिरीला पुरत नाही, आणि मिरीला लागणाऱ्या आचेत दगडफूल करपतं.

पण नुसता मसाला म्हणजे मालवणी जेवण नव्हे. खरा फरक वाटपात, म्हणजे खोबरं वाटून केलेल्या मसाल्यात आहे. कोंबडी, मटण, उसळी यांना खोबरं आणि कांदा खरपूस भाजून केलेलं वाटप लागतं, म्हणून त्यांचा रंग तपकिरी. माशाच्या कालवणाला सहसा ओलं खोबरं कच्चंच वाटतात, मिरची-धण्यांबरोबर, म्हणून त्याचा रंग केशरी आणि चव हलकी. ज्या हॉटेलात मासा आणि कोंबडी एकाच रश्श्यात बुडालेली दिसते, तिथे वाटप एकच केलेलं असतं. पहिला घास घेतल्यावर एवढं तपासा, त्या स्वयंपाकघराबद्दल बरंच कळेल.

दुपारचं जेवण

हा दिवसाचा मध्य. साडेबारा ते दीडच्या मधे बसा. त्यानंतर गर्दीच्या जागी तळलेले मासे थंड आणि भात कोरडा होतो.

बसल्यावर कार्ड बाजूला ठेवा आणि आज काय आलंय ते विचारा. दर माशावर आणि त्या दिवसाच्या आवकेवर ठरतो, म्हणून मागवण्याआधी विचारून घ्या. त्यात कोणालाही वाईट वाटत नाही. बांगडा असेल तर बांगड्याचं तिखलं मागा. इसवण तळायला सुंदर, पण मालवणची चव कुठे आहे असं मला कोणी विचारलं तर मी तिखल्याकडे बोट दाखवीन. थोडंसं घट्ट कालवण, कोकमाची आंबटी आणि तिरफळं. तिरफळाची काळी बी कडू असते, म्हणून ती काढून फक्त टरफल वापरतात, किंचित ठेचून, मासा शिजत येताना घालतात. ते चावायचं नसतं, बाजूला काढायचं. चुकून दाताखाली आलं तर जीभ थोडा वेळ बधिर होते, घाबरू नका. तिरफळ बांगडा, तारली, पेडवे अशा तेलकट माशांनाच शोभतं. सरंग्याच्या कालवणात ते घालत नाहीत आणि घातलं तर बिघडतं.

तिसऱ्यांचं सुकं मिळालं तर घ्या. शिंपला उघडा राहिलेला आणि मांस एका बाजूला चिकटलेलं असतं, बोटांनी खायचं. सुक्यात ओलं खोबरं भरपूर असतं आणि भाकरीबरोबर ते छान लागतं. ज्यांना शिंपल्यांची, कोळंबीची अ‍ॅलर्जी आहे त्यांनी मात्र आधीच स्पष्ट सांगावं, कारण झिंगा आणि सुकट इथे अनपेक्षित ठिकाणी, भाज्यांतही असते.

तळलेल्या माशाचा रवा पातळ हवा. तुकडा मोडल्यावर रव्याचं कवच वेगळं सुटून आलं तर ते जाड झालंय. तांदळाची भाकरी मागा, पोळी नको. उकड्या तांदळाचा भात मिळत असेल तर तोच घ्या. त्याचा दाणा जाड, रंग तांबूस आणि कालवण धरून ठेवायची ताकद मोठी.

खाण्याचा क्रम असा ठेवा: भाकरीबरोबर सुकं आणि तळलेला तुकडा, मग भात आणि तिखलं, आणि शेवटचा भात सोलकढीबरोबर. सोलकढी सुरुवातीलाच घटाघटा पिऊन टाकणारे पाहुणे मी फार बघतो. तिची जागा शेवटी आहे. तिखट लागलं तर पाण्याकडे जाऊ नका, पाण्यानं आग पसरते; भाताचा घास आणि सोलकढीचा घोट घ्या. मुलांसाठी किंवा स्वतःसाठी तिखट कमी हवं असेल तर ते मागवतानाच सांगायचं, कारण वाटप एकदा पडलं की मग काही करता येत नाही.

चांगली सोलकढी गुलाबी असते, भडक रंगाची नव्हे. आमसुलं भिजवून काढलेलं पाणी किंवा आगळ (कोकमाचा खारा रस), त्यात नारळाचं घट्ट दूध, ठेचलेली लसूण, हिरवी मिरची, कोथिंबीर, मीठ. ती गरम करत नाहीत. नारळाचं दूध आंबट पाण्यात तापलं की फुटतं. ठेवून ठेवून तिचा रंग आणि चव उतरते, म्हणून ताजी केलेली मागा.

शाकाहारी मंडळींनी ‘आमच्यासाठी काही नसेल’ असं समजू नये. काळ्या वाटाण्यांचं सांबारं, ओल्या काजूंची उसळ, कुवल्या (कोवळ्या) फणसाची भाजी, केळफुलाची भाजी, हे सगळं याच मातीतलं आणि याच वाटपातलं. तवा आणि तेल वेगळं आहे का हे ज्यांना महत्त्वाचं असेल त्यांनी विचारून घ्यावं, किंवा सरळ शाकाहारी घरगुती खानावळ निवडावी. तिथल्या ताटात हंगामाची भाजी जास्त चांगली मिळते.

जेवल्यावर झोपा. बाजारातली बरीच दुकानं दुपारी बंद असतात, त्यामुळे काही हुकत नाही.

चारनंतर: बाजार

आता पिशवी घेऊन निघा. कोकम घेताना बरेच जण फसतात, म्हणून नीट वाचा. आमसुलं म्हणजे रतांब्यांची सालं, त्यांच्याच रसात पुन्हा पुन्हा भिजवून वाळवलेली. ती काळपट जांभळी, जराशी ओलसर आणि चिकट हवीत. अगदी करकरीत वाळलेली जुनी असतात. आगळ हा मीठ घातलेला रस, साखरेशिवाय, सोलकढीसाठी आणि कालवणासाठी. कोकम सरबताची बाटली वेगळी, त्यात साखर असते. घरी जाऊन सरबताच्या बाटलीची सोलकढी करायला घेतलेले लोक मला भेटले आहेत, म्हणून लेबल वाचा किंवा दुकानदाराला विचारा. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन आहे. हापूसलाही ते २०१८ मध्ये मिळालं.

मसाला महिला बचत गटांकडे किंवा घरून विकणाऱ्यांकडे मिळतो, तिथून घ्या. पुडी उघडून वास घ्यायला लाजू नका. वासात मिरचीच्या आधी बडीशेप आणि दगडफूल आलं पाहिजे. घरी काचेच्या बरणीत, हिंगाचा खडा घालून ठेवा. ओला चमचा घालू नका. वर्षभर टिकतो.

तिरफळ सुकं मिळतं, अगदी थोडं घ्या. एका कालवणाला पाच-सहा पुरतात.

खाजा हा इथला जत्रेतला खाऊ. बेसनाच्या जाड शेवेच्या कांड्या तळून त्यावर आलं घातलेल्या गुळाचा पाक चढवतात. फेब्रुवारीच्या आसपास मसुऱ्याजवळच्या आंगणेवाडीत भराडी देवीची जत्रा भरते, तेव्हा खाजाचे ढीग लागतात. एरवी बाजारातही मिळतो. पाक ताजा असेल तर कांडी सहज मोडते आणि आल्याचा झटका बसतो. मऊ पडलेला खाजा घेऊ नका.

काजू सालासकट भाजलेले घ्या. सुकी मासळी न्यायची असेल तर पूर्ण वाळलेली बघून, दोन-तीन पिशव्यांत घट्ट बांधून न्या. रेल्वेच्या डब्यातल्या सहप्रवाशांचा विचार करा.

रात्र: वडे आणि सागोती

संध्याकाळी चिवला किनाऱ्यावर किंवा पुन्हा बंदरावर चक्कर मारा, भूक लागली पाहिजे. दुपारी मासे आणि रात्री कोंबडी अशी विभागणी मुद्दाम सुचवतो. एकाच ताटात दोन्ही घेतलं की कशाचीच चव राहत नाही.

वड्यांचं पीठ रवाळ दळलेलं असतं: तांदूळ मुख्य, त्यात उडीद डाळ, थोडे मेथीचे दाणे, धणे, जिरं. गरम पाण्यात मळून मुरवतात, हातावर किंवा केळीच्या पानावर थापतात आणि तळतात. वडा टम्म फुगला पाहिजे, बाहेरून खुसखुशीत आणि आत मऊ. गार झाला की चिवट होतो, म्हणून पाहुण्यांनी हात धुऊन बसायचं आणि वडे कढईतून थेट पानात यायचे. सगळे एकदम तळून ठेवणाऱ्या जागी मी वडे मागवत नाही.

सागोती गावठी कोंबडीची असेल तर मांस चिवट वाटेल. तो दोष नव्हे. रस्सा मात्र अतुलनीय असतो, कारण त्या हाडांचा अर्क आणि भाजक्या खोबऱ्याचं वाटप एकत्र बराच वेळ मुरलेले असतात. वडा मोडून रश्श्यात बुडवा. शाकाहारी असाल तर वडे आणि काळ्या वाटाण्यांचं सांबारं. ही जोडी कोंबडीच्या तोडीची आहे आणि पितृपक्षात म्हाळाच्या जेवणात घरोघरी हीच असते.

निघण्याआधी

दुसऱ्या दिवशी सकाळची एसटी किंवा गाडी असेल तर काकींना आदल्या रात्रीच सांगून ठेवा: उकड्या तांदळाची पेज हवी. पाहुण्यांना ती साधी वाटेल म्हणून आपणहून कोणी देत नाही, मागावी लागते. शिजलेला मऊ दाणा, त्याचं दाट पाणी, वर मीठ. सोबत भाजलेला सुका बांगडा किंवा आंब्याचं लोणचं, आणि मिळाली तर कुळथाची पिठी. कालच्या तिखटानंतर पोटाला ती फार बरी वाटते आणि कुडाळपर्यंतच्या वळणांच्या रस्त्यालाही सोसते. काठोकाठ भरलेली वाटी घ्या आणि गरम असतानाच प्या.